जेराशचा 'फोटो स्टॉप' करू नका: जॉर्डनच्या सहली काढणाऱ्या संस्थांना खुले पत्र

जॉर्डनच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांच्या संचालकांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाची तुमची पत्रके आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली. पेट्राला पूर्ण दिवस, वादी रमला एक रात्र, मृत समुद्रावर अर्धा दिवस. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. जेराशपुढे, म्हणजे रोमन काळातल्या प्राचीन नगराच्या अवशेषांपुढे, मात्र कुणी 'फोटो स्टॉप' छापले आहे, कुणी 'धावती भेट, ४५ मिनिटे'. एका पत्रकातून तर ते नावच गेले आहे आणि त्या जागी अम्मानच्या मॉलमधली खरेदी आली आहे. हे पत्र त्यासाठी. ते तुम्हाला लिहिले आहे, पण पैसे भरणाऱ्यांनीही वाचावे म्हणून जाहीर करत आहोत.

आम्ही प्राचीन नगरांचा आणि त्यांच्या बांधकामाचा अभ्यास करणारी, शिकवणारी माणसे. आमच्याकडे येणारे विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी तुमच्याच बसमधून जॉर्डनला जातात. परत आल्यावर जेराशबद्दल विचारले की 'खूप खांब होते' एवढेच उत्तर मिळते. यात प्रवाशांचा दोष नाही. ४५ मिनिटांत खांबच दिसतात.

आधी जागेचा हिशेब मांडू, कारण तुमचा निर्णय त्यावरच चुकला आहे. अम्मानपासून उत्तरेला सुमारे ४८ किलोमीटरवर जेराश आहे. प्रवेश दक्षिणेकडून, रोमन सम्राट हेड्रियनच्या कमानीपाशी. कमानीपासून जुन्या नगराचा दक्षिण दरवाजा सुमारे ४६० मीटर. तिथून लंबगोल चौक ओलांडला की खांबांचा मुख्य रस्ता सुरू होतो, तो उत्तर दरवाजापर्यंत सुमारे ८०० मीटर. म्हणजे एका बाजूने जवळजवळ दीड किलोमीटर, आणि बस दक्षिणेलाच उभी असल्यामुळे तेवढेच परत. शिवाय ग्रीक देवी आर्टेमिसचे मंदिर, ग्रीक देवराज झ्यूसचे मंदिर आणि दोन्ही नाट्यगृहे चढावर. न थांबता, एकही फोटो न काढता नुसते चालून यायचे म्हटले तरी साठीच्या माणसाला ४५ मिनिटे पुरत नाहीत. म्हणून घडते असे की गट कमान पाहतो, चौकात फोटो काढतो, दक्षिण नाट्यगृहात टाळी वाजवून आवाज घुमतो का ते बघतो आणि मागे फिरतो. नगर तिथून पुढे सुरू होते. टूर मॅनेजर तरी काय करणार? पलीकडे हॉटेलात ठरलेला पुलाव थंड होत असतो.

ही पहिली तक्रार. दुसरी वेळेची. तुमच्या बहुतेक आखणीत सकाळी अजलूनचा किल्ला आणि भर दुपारी जेराश येते. जेराशमध्ये सावली जवळजवळ नाही. पायाखाली चुनखडीच्या फरश्या, दोन्ही बाजूंना चुनखडीचे खांब, ऊन वरून पडते तसे खालूनही येते. त्याहून मोठी अडचण प्रकाशाची. कारंजाची भव्य दर्शनी भिंत, आर्टेमिसच्या मंदिराकडे चढणारा जिना आणि मंदिराचे तोंड हे सगळे पूर्वेला आहे. सकाळी त्यावर थेट प्रकाश असतो, कोरीव काम सावल्यांसकट उठून दिसते. दुपार कलली की सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो आणि फोटोत फक्त काळी आकृती उरते. ज्या फोटोसाठी म्हणून थांबा ठेवला, तोच बिघडतो. क्रम उलटा करा. अम्मानहून सकाळी लवकर निघून फाटक उघडताच आत, आणि अजलून दुपारी. किल्ल्यात निदान छपराखाली उभे राहता येते.

तिसरी तक्रार मोठी आहे. तिथे जे सांगितले जाते त्याबद्दलची.

'रोमनांनी वसवलेले शहर' हे वाक्य सगळ्या पत्रकांत आहे. गेरासा (जेराशचे प्राचीन नाव) रोमनांनी वसवले नाही. रोमनांच्या आधी ते अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक सेल्युकिड राजांच्या अमलात होते आणि 'ख्रिसोऱ्होआस नदीवरचे अँटिओक' या नावाने ओळखले जात होते. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पेने हा प्रदेश घेतला. तेव्हापासून गेरासाचे लोक पॉम्पेच्या त्या वर्षापासून कालगणना करत आणि शिलालेखांत तीच लिहीत. डेकापोलिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरांच्या गटात हे एक. इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने पेट्राचे नबातियन राज्य खालसा करून अरबिया प्रांत केला, त्यात गेरासाही आले. म्हणजे तुम्ही ज्या पेट्राला पूर्ण दिवस देता ते पेट्रा आणि हे जेराश एकाच प्रांतातली दोन शहरे. पेट्रात कोरलेला डोंगर दिसतो. रस्ता, गटार, बाजार, सभा, पाणीपुरवठा यांसकट रोमन प्रांतातले नगर चालायचे कसे, ते जेराशमध्ये दिसते. एक दाखवून दुसरे गाळले की पहिलेही अर्धेच कळते.

आणि बांधले कुणी? इथले लेख बहुतांशी ग्रीक आहेत आणि खर्च करणारे, काम करणारे इथलेच लोक. झ्यूसच्या आवाराचा खालचा चौथरा इ.स. २७-२८ मधला. त्याच्या स्थपतीचे नाव लेखात आहे: डिओडोरोस, झेबेदासचा मुलगा, गेरासाचा राहणारा. मुलाचे नाव ग्रीक, बापाचे सेमिटिक. एका ओळीत शहराची सगळी जडणघडण आली. हे सांगायला गाईडला अर्धे मिनिट लागेल. अंकगणितावर ग्रंथ लिहिणारा निकोमाकस याच गावचा, तेही कुणी सांगत नाही.

बायबलमधली गोष्ट मात्र हमखास सांगितली जाते: येशूने भुते डुकरांच्या कळपात घातली आणि कळप कड्यावरून सरोवरात कोसळला, ते 'गेरासेनांच्या प्रदेशात'. त्यावरून जागा हीच असे प्रवाशांना वाटते. गालीलचे सरोवर जेराशपासून पन्नासेक किलोमीटर दूर आहे. डुकरे एवढी धावत नाहीत.

तिसरे चुकीचे वाक्य म्हणजे 'दोन हजार वर्षे जसेच्या तसे उभे'. १८०६ मध्ये जर्मन प्रवासी झेट्सेनने हे अवशेष युरोपला कळवले तेव्हा पुष्कळसे खांब आडवे पडलेले होते. १९२० च्या दशकापासून साफसफाई आणि उभारणी सुरू झाली, १९२८ ते १९३४ या काळात येल विद्यापीठाच्या पुढाकाराने उत्खनने झाली आणि १९८० च्या दशकात अनेक देशांची पथके एकाच वेळी कामाला लागली. आज उभे दिसणारे बरेचसे खांब पुन्हा उभे केलेले आहेत. लंबगोल चौकाच्या मधोमध जो एकटा खांब आहे तो तर विसाव्या शतकात जेराश महोत्सवासाठी लावला. तुमच्या दोन पत्रकांच्या मुखपृष्ठावर नेमका तोच आहे! पुन्हा उभारणीत कमीपणा काही नाही. पण जुना दगड कोणता, नवा सांधा कोणता, हे दाखवले तर लोक दगडाकडे नीट बघू लागतात.

त्याच चौकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ४५ मिनिटांत पोहोचता येते अशा मोजक्या जागांतली ही एक, आणि तिथेही काही सांगितले जात नाही. चौक सुमारे ९० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद. तो गोल नाही, चौरस नाही, वाकडा लंबगोल आहे. हौस म्हणून नाही. झ्यूसचे आवार शहराच्या आखणीपेक्षा जुने, त्याचा रोख वेगळा. मुख्य रस्त्याचा रोख वेगळा. दोन्ही सरळ जोडले असते तर मध्ये बेढब कोपरा उरला असता. म्हणून मधली खोलगट जागा भर घालून सपाट केली आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या वक्र ओळी अशा फिरवल्या की रस्त्यावरून येणाऱ्याला आपण वळलो हे जाणवत नाही. फरशीही त्या वक्राच्या ओळींनी बसवलेली आहे. पायऱ्यांवर चढून वरून पाहिले की ते चटकन दिसते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इ.स. ११५ च्या उत्तर दरवाजात, असलाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे बाहेरून येणारा रस्ता आणि आतला रस्ता एका रेषेत नव्हते, म्हणून दरवाजाच पाचरीसारखा बांधला: एक तोंड आतल्या रस्त्याला काटकोनात, दुसरे बाहेरच्या. दोन टोके पाहिली तर एका स्थापत्यशाळेचे डोके कळते. तुमचा गट एकच टोक पाहून परततो.

मधला रस्ताही नुसता ओलांडायचा नाही. फरश्या तिरप्या बसवल्या आहेत, त्यात गाड्यांच्या चाकांच्या खाचा आहेत, मध्ये मध्ये खालच्या गटारात उतरायची झाकणे आहेत. दुतर्फा खांबांची उंची एकसारखी नाही. बाजाराच्या किंवा मोठ्या इमारतीच्या दारासमोर खांब एकदम उंच होतात. मग शेजारच्या बुटक्या खांबावरून येणारी आडवी शिळा टेकणार कुठे? उंच खांबाच्या अंगालाच, मधल्या उंचीवर, एक दगडी घोडी कोरून ठेवली आहे. एकदा दाखवली की पुढे लोक आपणहून शोधतात. उत्तर टोकाकडे खांबांची शैलीच बदलते: दक्षिणेकडे पानांची कोरिंथियन शीर्षे, उत्तरेला साधी, गुंडाळीची आयोनिक. कारण रस्ता दुसऱ्या शतकात रुंद करून नवे खांब लावले ते उत्तरेच्या चौखांबीपर्यंतच (रस्ते छेदतात तिथली चार आधारांची वास्तू). पुढचा तुकडा जुन्या रुंदीचाच राहिला. अर्धवट राहिलेले रस्तारुंदीकरण आपल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हेड्रियनच्या कमानीचेही तसेच. सम्राट इ.स. १२९-१३० च्या हिवाळ्यात इथे आला, त्या निमित्ताने ती उभारली. पण ती नगराच्या दरवाजापासून जवळजवळ अर्धा किलोमीटर बाहेर का? तिच्या दोन्ही कडा बघा, दगड खडबडीत सोडले आहेत. शहर दक्षिणेला वाढवायचे, तट इथवर आणून कमानीला जोडायचा, असा बेत होता. तट आला नाही. बसमधून उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगण्याजोगी ही गोष्ट आहे, आणि त्या पाच मिनिटांत तुमच्याकडे टोप्या वाटल्या जातात.

चौथी तक्रार: तुम्ही इतिहास दुसऱ्या शतकात थांबवता. गेरासा पुढे सहाशे वर्षे नांदले आणि त्यातले पुष्कळ तिथे जमिनीवर उघडे आहे.

पाचव्या-सहाव्या शतकात इथे पंधराहून अधिक चर्च बांधली गेली. इ.स. ५३०-५३१ मधले एक चर्च यहुदी प्रार्थनास्थळावर उभे आहे, आणि त्या आधीच्या फरशीवर नोहाच्या नौकेतून उतरणारे प्राणी चितारलेले होते. संत कॉस्मास आणि डेमियन यांच्या चर्चची ५३३ ची मोझेक (रंगीत दगडी तुकड्यांची) फरशी अजून जागेवर आहे, देणगी देणारा थिओडोर आणि त्याची बायको जॉर्जिया यांच्या चित्रांसह. ती कठड्यावरून पाहता येते. मुख्य रस्ता सोडून फक्त काही मिनिटे चढायचे आहे.

याच काळातली एक वस्तू अशी आहे की तिच्यासाठी एकटीसाठी जेराशला जावे, असे आमच्यातल्या अभियंत्यांचे मत आहे. आर्टेमिसच्या आवारातल्या एका तळघरवजा खोलीत सहाव्या शतकातल्या पाण्यावर चालणाऱ्या दगड कापण्याच्या करवतीचे अवशेष सापडले. फ्रेंच स्थापत्य-अभ्यासक जाक सेन्य यांनी ते ओळखले. यंत्राचे लाकूड आणि लोखंड गेले, पण अर्धवट कापलेले खांबाचे दगडी तुकडे तिथेच राहिले. दोन तुकडे, आणि प्रत्येकात चार समांतर काप. त्यावरून यंत्र कळले: पाणचक्कीच्या आसाच्या दोन्ही टोकांना भुजा, भुजेला दांडा, दांड्याला चार पात्यांची चौकट. चाक फिरले की चौकट मागे-पुढे सरकते. पात्यांना दाते नाहीत. वरून वाळू आणि पाणी सोडायचे, घासते ती वाळू. चाकाची गोल फेरी सरळ रेषेतल्या ये-जा मध्ये बदलणारी ही रचना पुढे वाफेच्या इंजिनापर्यंत पोहोचली. तिचे जगातले फार थोडे प्राचीन पुरावे शिल्लक आहेत, त्यातला हा एक. कापत काय होते? जुन्या मंदिरांचे खांब. कशासाठी? नव्या चर्चच्या फरश्यांसाठी आणि भिंतींना लावायच्या पातळ पट्ट्यांसाठी. एका धर्माचे देऊळ दुसऱ्या धर्माची फरशी होताना इथे प्रत्यक्ष कापलेल्या दगडात दिसते. तुमच्या एकाही पत्रकात याचा उल्लेख नाही.

मग इस्लामचा काळ. सातव्या शतकात अरबांची सत्ता आली, शहर मोडले नाही. दक्षिणेकडच्या चौखांबीच्या गोल चौकाला लागूनच उमय्याद खलिफांच्या काळातली जामा मशीद आहे, २००२ पासून डॅनिश-जॉर्डेनियन पथकाने ती खणून काढली. मशिदीचा रोख मक्केकडे, रस्त्याचा रोख रोमन, त्यामुळे दोन्हींत कोन पडतो, पण रस्त्याकडेची दुकाने मात्र रस्त्याच्याच रेषेत. शहराची इथे टाकसाळही होती. तुमच्या गाईडच्या गोष्टीत मात्र रोमन जातात आणि शहर ओस पडते. आम्हाला हे केवळ अज्ञान वाटत नाही. 'ते' आले की सगळे उद्ध्वस्त, ही ओळ आपल्या प्रवाशांना लगेच पटते म्हणून ती सांगितली जाते, अशी आमची शंका आहे. पुरावा उलट आहे.

खरा घाला १८ जानेवारी ७४९ च्या भूकंपाचा. वायव्य भागात डॅनिश-जर्मन पथकाने त्या दिवशी कोसळलेली घरे खणली. एका घराचे नूतनीकरण चालू होते. मोझेकसाठी पांढरे दगडी चौकोनी तुकडे हौदात भरून ठेवलेले तसेच राहिले. फरशी घालायची राहूनच गेली. दुसऱ्या घरात शिशाच्या डबीत घट्ट गुंडाळलेला चांदीचा ताईत मिळाला. तो उलगडला तर मोडला असता, म्हणून क्ष-किरणांनी थरांची चित्रे घेऊन संगणकावर उलगडला. आत सतरा ओळी, अरबीसारख्या दिसणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या. भूकंपानंतरही थोडी वस्ती राहिली. बाराव्या शतकात आर्टेमिसच्या मंदिरात दमास्कसचे ठाणे होते, ते जेरुसलेमचा क्रूसेडर राजा बाल्डविन दुसरा याने पाडले. १८७८ पासून कॉकेशसमधले सर्केशियन निर्वासित नदीच्या पूर्वेला वसले आणि आजचे गाव त्या बाजूच्या प्राचीन वस्तीवरच उभे आहे. त्या गावात, रस्त्याच्या कडेला, रोमन स्नानगृहाच्या प्रचंड भिंती आहेत. तुमची बस बहुधा त्यांच्याजवळूनच जाते.

आत शिरताच लागणाऱ्या शर्यतीच्या मैदानाचेही दोन शब्द. २४५ मीटर लांब, ५२ मीटर रुंद, रोमन जगातल्या अशा मैदानांत अगदी छोटे. पत्रकात 'रथांच्या शर्यतींचा थरार' छापता, तो खेळ तुमच्या तारखांना होतो की नाही याची खात्री करूनच छापा. पैसे भरलेला माणूस रिकाम्या मैदानाकडे बघत उभा राहतो. खरे तर रिकाम्या मैदानातही सांगण्यासारखे आहे. शर्यती संपल्यावर त्याच्या कमानींखाली कुंभारांनी भट्ट्या टाकल्या, आणि पुढे साथीत मेलेल्यांची सामूहिक दफने तिथे झाली. त्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगचा जिवाणू २०२५ मध्ये ओळखला गेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी सुरू झालेल्या प्लेगचा इथला थेट पुरावा मिळाला तो असा.

पाचवी तक्रार नुकसानीची, आणि यात आमची भाषा थोडी कडक होईल. आर्टेमिसच्या मंदिरासमोर बारापैकी अकरा खांब उभे आहेत, सुमारे १३ मीटर उंच. ते गोल शिळा एकावर एक, चुन्याशिवाय, रचून उभे केले आहेत. वारा आला की खांब केसभर हलतो आणि खालचा सांधा तेवढाच उघडतो-मिटतो. भूकंपात टिकण्याचे एक कारणही हेच असावे. तो हलतो हे दाखवायला सांध्यात चमचा किंवा किल्ली सरकवतात, चमचा वर-खाली डोलतो, सगळे त्याचा व्हिडिओ काढतात. काही टूर मॅनेजर त्यासाठी चमचा सोबत नेतात. असे करताना सांध्यात धातू आणि खडीचा कण अडकतो, कित्येक टन भाराचा दाब एका बिंदूवर येतो आणि शिळेची कड टवका होऊन उडते. कडा जाऊन जाऊन सांधा गोलावतो. मग हाच खांब पुढच्या मोठ्या धक्क्यात कुठे टेकणार? हलणे पाहायचेच असेल तर खांबाच्या बुडाशी उभे राहून टोक आणि मागचा ढग एका नजरेत धरा. हात लावावा लागत नाही.

तसेच मोझेकचे सुटे तुकडे. पावसानंतर चर्चच्या आवारांत ते मातीतून वर येतात आणि आठवण म्हणून खिशात जातात. जॉर्डनच्या कायद्याने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. विमानतळावर बॅग उघडली गेली तर अडकतो तो तुमचा प्रवासी, आणि त्याला आधी कुणी सांगितलेले नसते.

'जेराश ठेवले तर खर्च वाढतो' हे उत्तर आम्हाला मिळाले आहे. जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित पास) घेतला तर त्यात जेराशचे तिकीट येते, आणि किमान तीन रात्री मुक्काम असेल तर व्हिसाचे शुल्कही त्यातच माफ होते. जेराश गाळून तिकिटाचा एक दिनारही वाचत नाही. वाचतात ते दोन तास, आणि ते कुठे जातात हे पत्रकातच छापलेले आहे. 'ज्येष्ठांना झेपत नाही' हे दुसरे उत्तर. ते अर्धे खरे आहे. झिजलेल्या फरश्या निसरड्या आहेत, पावसात जास्तच, आणि आर्टेमिसच्या जिन्यात सात-सात पायऱ्यांचे सात टप्पे आहेत. पण यावर उपाय गट दोन करणे हा आहे. सगळ्यांनाच चौकातून परत फिरवणे हा उपाय नव्हे. ज्यांना चढ नको त्यांनी मुख्य रस्त्याने सपाटीवरून कारंजापर्यंत जावे, तिथे बसावे, परतावे. इ.स. १९१ चे ते कारंजे, सिंहमुखांतून पाणी पडायचे ते, बसून पाहण्यासारखेच आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

जेराशला सव्वातीन तास द्या. वाटणी आम्हीच करून देतो: कमान आणि शर्यतीचे मैदान २५ मिनिटे, लंबगोल चौक आणि झ्यूसचे आवार ३०, दक्षिण नाट्यगृह २०, बाजार, गोल चौक आणि मशीद मिळून २५, चर्च आणि कारंजे २०, आर्टेमिस आणि दगडाची करवत ३५, उत्तर नाट्यगृह १५, परतीला २५. उत्तर नाट्यगृह गाळू नका. तिथल्या बाकांवर शहराच्या गणांची नावे कोरली आहेत, म्हणजे सभेत कुणी कुठे बसायचे ते दगडावरच ठरलेले होते.

वेळ सकाळचीच ठेवा, आणि जेवण जेराशनंतर.

जॉर्डनचा परवानाधारक स्थानिक गाईड घ्या आणि त्याला पूर्ण वेळ बोलू द्या. टूर मॅनेजरने भाषांतर करावे, वरून स्वतःची गोष्ट लावू नये. टूर मॅनेजरना पाठवण्याआधी एक दिवसाचे प्रशिक्षण द्या. आम्ही ते विनामूल्य देऊ, नकाशा आणि टिपणांसह.

पत्रकातून 'रोमनांनी वसवलेले' आणि 'जसेच्या तसे' हे शब्द काढा. चमच्याचा खेळ लेखी सूचना काढून बंद करा. तुकडे न उचलण्याची सूचना बसमध्ये, उतरण्याआधी द्या.

जुलै-ऑगस्टच्या सहलींच्या पत्रकात स्पष्ट लिहा की जेराश महोत्सवाच्या दिवसांत नाट्यगृहे आणि चौकात मंच, खुर्च्या, वायरी असतात आणि काही भाग बंद असू शकतो. हा महोत्सव १९८१ पासून उन्हाळ्यात होतो, ही काही अचानक येणारी अडचण नाही.

आणि यातले काहीच जमणार नसेल तर पत्रकात 'जेराश दर्शन' छापू नका. 'जेराशची कमान व चौक' असे छापा, म्हणजे पैसे भरणाऱ्याला काय मिळणार ते कळेल.

दिवाळीनंतरच्या सहलींची पत्रके छपाईला जाण्याआधी प्रत्येक संस्थेने लेखी कळवावे, ही विनंती. कोणी काय बदलले आणि कोणी नाही, ते आम्ही पत्रकांतल्या मजकुरासह याच जागी प्रसिद्ध करू.

कळावे,

प्राचीन नगरांचे काही अभ्यासक आणि शिक्षक